प्रिझर्व्हेटिव्हची पीबीटी तपासणी: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

कोथरूडच्या न्हाणीघरात डोक्यावरून उतरलेला शाम्पू गटारातून एसटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात, जातो, तिथून मुठेत, संगमाला मुळेत मिसळून पुढे भीमेत आणि शेवटी उजनीच्या जलाशयात. शाम्पू बाटलीत नासू नये म्हणून घातलेला प्रिझर्व्हेटिव्हही त्याच वाटेनं निघतो. तो वाटेत कुठे संपतो, माशांच्या शरीरात साठतो का, आणि किती कमी मात्रेत जीवांना इजा करतो, हे तीन प्रश्न म्हणजे पीबीटी तपासणी. पी म्हणजे टिकाऊपणा, बी म्हणजे जैवसंचय, टी म्हणजे विषारीपणा.

रसायनशास्त्रात किंवा सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करून पुण्याच्या एखाद्या कंपनीत रेग्युलेटरी किंवा आर अँड डी विभागात नुकतेच लागलेल्यांसाठी हा लेख आहे. युरोपात वर्षाला १० टन किंवा त्याहून जास्त माल जात असेल, तर तिथल्या रीच, म्हणजे रसायनांच्या नोंदणीच्या, कायद्याखालच्या सुरक्षा अहवालात ही तपासणी द्यावीच लागते. त्यामुळे इथले बहुतेक जण ती पहिल्यांदा निर्यातीच्या निमित्तानं शिकतात.

प्रिझर्व्हेटिव्हची अडचण बाकी रसायनांपेक्षा वेगळी आहे. त्याचं कामच जिवाणू मारणं, आणि तो निसर्गात किती टिकतो हे मोजायचं असतं जिवाणूंच्याच मदतीनं. मात्रा चुकली की चाचणीतले जिवाणूच मरतात, काहीच विघटन होत नाही, आणि अहवालात 'टिकाऊ' असा खोटा शिक्का बसतो. उलट बाजूनंही फसगत होते: मूळ रेणू दोन दिवसांत नाहीसा झाला म्हणून सगळे खूश होतात, आणि त्याच्यापासून तयार झालेला जास्त चिवट रेणू कोणी मोजतच नाही. पुढच्या बहुतेक सूचना या दोन चुका टाळण्यासाठी आहेत.

आधी मर्यादा पाठ करा

रीच कायद्याच्या तेराव्या परिशिष्टातले आकडे असे:

- टिकाऊ: अर्धायुष्य, म्हणजे निम्मा पदार्थ नाहीसा व्हायला लागणारा काळ, गोड्या पाण्यात ४० दिवसांच्या वर, समुद्राच्या पाण्यात ६०, गोड्या पाण्याच्या तळगाळात १२०, समुद्राच्या तळगाळात १८०, मातीत १२०. यातली एक अट पुरी झाली तरी पुरे.
- अतिटिकाऊ: कोणत्याही पाण्यात ६० दिवसांच्या वर, तळगाळात किंवा मातीत १८० च्या वर.
- साठणारा: बीसीएफ, म्हणजे माशातल्या आणि पाण्यातल्या प्रमाणाचं गुणोत्तर, २,००० च्या वर. ५,००० च्या वर गेला तर अतिसाठणारा.
- विषारी: पाण्यातल्या जीवांवरच्या दीर्घकालीन चाचणीत एनओईसी (परिणाम न दिसणारी सर्वांत मोठी मात्रा) किंवा ईसी१० (१० टक्के परिणाम करणारी मात्रा) हा ०.०१ मिग्रॅ/लिटरपेक्षा कमी. कर्करोग, जनुकीय बदल, प्रजननावर परिणाम किंवा वारंवार संपर्कानं अवयवांना इजा, यांचं ठरावीक वर्गीकरण असेल तरीही टी लागू होतो.

टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराचे आकडे वेगळे आहेत: पाण्यात २ महिने, माती किंवा तळगाळात ६ महिने, बीसीएफ ५,००० किंवा लॉग केओडब्ल्यू (पदार्थ पाण्यापेक्षा तेलाकडे किती ओढला जातो याचा आकडा) ५ च्या वर, आणि दूरवर वाहून जाण्यासाठी हवेतलं अर्धायुष्य २ दिवसांच्या वर. भारतानं हा करार २००६ मध्ये मंजूर केला आणि त्याखालच्या सात पदार्थांवर २०१८ च्या नियमांनी बंदी घातली. एका अहवालात दोन्ही कायद्यांचे आकडे मिसळू नका. कोणत्या कायद्याखाली निकाल देतो आहोत, ते पहिल्याच पानावर लिहा.

पहिली पायरी: पदार्थ नेमका कोणता?

ड्रमवरचं नाव पुरेसं नाही. सीएएस क्रमांक (रसायनाचा ओळख क्रमांक), शुद्धता, क्षार आहे की आम्ल, आणि वजनानं ०.१ टक्का किंवा जास्त असलेली प्रत्येक अशुद्धी, हे सगळं विश्लेषण प्रमाणपत्रातून काढून ठेवा. त्या अशुद्धींचीही पीबीटी तपासणी करावी लागते.

सगळ्यात महाग पडणारी चूक इथेच होते. क्लोरो-मिथाइल आणि मिथाइल आयसोथायाझोलिनोनचं मिश्रण सौंदर्यप्रसाधनांसाठी बऱ्याचदा १.५ टक्के द्रावण म्हणून विकलं जातं. कोणी द्रावणाचं वजन हाच सक्रिय घटक धरला, तर प्रत्येक आकडा सुमारे ६७ पटींनी चुकतो आणि अतिविषारी पदार्थ कागदावर सौम्य दिसतो. प्रत्येक मात्रेपुढे 'सक्रिय घटक' की 'विक्रीचा माल' हे लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

फॉर्मल्डिहाइड सोडणारे प्रिझर्व्हेटिव्ह असतील, उदाहरणार्थ डीएमडीएम हायडँटॉइन, तर पाण्यात मूळ रेणू फुटतो आणि डायमिथाइल हायडँटॉइन उरतं. तपासणी त्या उरलेल्या रेणूचीही करायची. पाण्यात फुटणं मोजायला ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची १११ क्रमांकाची प्रमाण चाचणी आहे (पुढचे ओईसीडी क्रमांकही असेच): पीएच ४, ७ आणि ९ ला, ५० अंश सेल्सिअसवर ५ दिवस ठेवून पाहा. १० टक्क्यांपेक्षा कमी फुटलं, तर त्या पीएचला पदार्थ पाण्यात स्थिर धरतात.

दुसरी पायरी: कागदावरची चाळणी

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं ईपीआय सूट (EPI Suite) हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात रेणूची रचना टाकून लॉग केओडब्ल्यू (प्रयोगशाळेत सगळे लॉग पीच म्हणतात) आणि बायोविनचे, म्हणजे जैविक विघटनाचे, अंदाज काढा. बायोविन ३ चा आकडा २.२५ च्या खाली आणि त्यासोबत बायोविन २ किंवा ६ चा आकडा ०.५ च्या खाली आला, तर पदार्थ टिकाऊ असण्याचा संशय धरायचा. लॉग केओडब्ल्यू ४.५ च्या वर असेल, तर साठण्याचा संशय.

सोपी उदाहरणं घ्या. मिथाइलपॅराबेनचा लॉग केओडब्ल्यू सुमारे २, प्रोपिलपॅराबेनचा ३, फिनॉक्सिइथेनॉलचा १.२ च्या आसपास. 'बी'च्या दृष्टीनं हे तिघंही इथेच बाहेर पडतात. ट्रायक्लोसानचा आकडा ४.७६ आहे, म्हणून तो पुढे जातो. पण त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू आयनरूपात जातात तो) सुमारे ७.९ आहे, म्हणजे नदीच्या पाण्यात तो अर्धवट आयनरूपात असतो आणि चरबीत शिरण्याची ओढ पीएचप्रमाणे बदलते. हिशोब सोपा आहे: लॉग केओडब्ल्यूमधून, एक अधिक दहाचा (पीएच वजा पीकेए) इतका घात, यांच्या बेरजेचा लॉग वजा करायचा. पीएच ७ ला ४.७१ येतो, ८ ला ४.४१, ९ ला ३.६३. पीएच न लिहिता दिलेला एकटा आकडा अशा पदार्थासाठी निरुपयोगी आहे.

बेन्झाल्कोनियम क्लोराइडसारख्या फेसाळ, धनभारित पदार्थांना ही चाळणी लावूच नका. ते तेल आणि पाणी यांच्या सीमेवर बसतात, काचेला आणि गाळाला चिकटतात, त्यामुळे त्यांचा लॉग केओडब्ल्यू चरबीबद्दल काही सांगत नाही.

तिसरी पायरी: सहज विघटन होतं का?

ओईसीडी ३०१ ही २८ दिवसांची चाचणी. ऑक्सिजन किंवा कार्बन डायऑक्साइड मोजत असाल तर सैद्धांतिक मूल्याच्या ६० टक्के, विरघळलेला कार्बन मोजत असाल तर ७० टक्के विघटन व्हायला हवं. तेही १० टक्के ओलांडल्यापासून १० दिवसांच्या आत. उत्तीर्ण झालेला पदार्थ 'टिकाऊ नाही' असं धरून पुढच्या महागड्या चाचण्या वाचतात. म्हणून इथे घाई करू नका.

सुरुवात ओईसीडी २०९ नं करा. प्रिझर्व्हेटिव्हमुळे स्लजचा, म्हणजे एसटीपीतल्या जिवाणूंच्या गाळाचा, श्वास किती मात्रेला मंदावतो, हे तीन तासांत कळतं. संदर्भ पदार्थ ३,५-डायक्लोरोफिनॉलचा ईसी५० (निम्मा परिणाम करणारी मात्रा) हा २ ते २५ मिग्रॅ/लिटरच्या आत आला, तरच स्लज विश्वासार्ह. मग विघटन चाचणीची मात्रा तुमच्या पदार्थाच्या ईसी५० च्या दहाव्या भागापेक्षा कमी ठेवा. ईसी५० हा २० मिग्रॅ/लिटरच्या खाली असेल, तर १०० मिग्रॅ/लिटर लागणाऱ्या ३०१ एफचा नाद सोडा आणि ३०१ डी, म्हणजे बंद बाटली चाचणी, निवडा. तिच्यात २ ते ५ मिग्रॅ/लिटरवर काम भागतं.

स्लज कुठून आणायचा हा प्रश्न पुण्यात नेहमी येतो. महापालिकेच्या, मुख्यतः घरगुती सांडपाणी येणाऱ्या एसटीपीच्या एरेशन टँकमधून आणा. एमआयडीसीच्या सामाईक प्रक्रिया केंद्रातला नको, कारण तिथल्या जिवाणूंना अशा रसायनांची आधीच सवय झालेली असू शकते, आणि सवय झालेले जिवाणू ३०१ मध्ये चालत नाहीत. सोसायटीच्या छोट्या एसटीपीतलाही टाळा. जंतुनाशक फिनाइल आणि ब्लीचचा एक जादा डोस पडला की तो आठवडाभर आजारी असतो. एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) सूक्ष्मजीव संग्रहातून एखादी शुद्ध जात आणून टाकण्याचा मोह काहींना होतो. इथे शुद्ध जात चालत नाही, मिश्र वस्तीच हवी.

कॅन अर्धाच भरा, म्हणजे वर हवा राहील. त्याच दिवशी आणा, आल्याबरोबर हवा सोडा. गाळ बसू द्या, वरचं पाणी ओता, खनिज माध्यमात पुन्हा कालवा, असं दोनदा करा. मग ठरावीक आकारमान गाळून १०५ अंशांवर वाळवून घन पदार्थ मोजा. ३०१ एफसाठी ३० मिग्रॅ/लिटर लागतो. स्लज ४ ग्रॅम/लिटर असेल तर अर्ध्या लिटरच्या बाटलीत ३.७५ मिली. कालच्या मापावर आजचं आकारमान ठरवू नका. पावसाळ्यात गटारात पावसाचं पाणी शिरतं आणि स्लज पातळ येतो. ३०१ डी साठी मात्र स्लज घालायचा नसतो. एसटीपीतून बाहेर पडणारं प्रक्रिया केलेलं पाणी लिटरमागे काही थेंब ते ५ मिली इतकंच पुरतं.

बाटल्यांचे संच असे लावा: फक्त जिवाणू (ब्लँक), जिवाणू आणि प्रिझर्व्हेटिव्ह, जिवाणू आणि सोडियम बेन्झोएट, आणि चौथा संच दोन्ही एकत्र. हा चौथा, म्हणजे टॉक्सिसिटी कंट्रोल, नियमात ऐच्छिक असला तरी प्रिझर्व्हेटिव्हसाठी सक्तीचा समजा. १४ दिवसांत त्यात २५ टक्के विघटन झालं नाही, तर तुमचा पदार्थ जिवाणूंना मारतो आहे. निकाल 'टिकाऊ' असा न लिहिता 'मात्रा जास्त झाली' असा लिहा आणि कमी मात्रेत पुन्हा करा. बेन्झोएटच्या संचात १४ दिवसांत ६० टक्के गाठले गेले नाहीत, तर पूर्ण चाचणीच बाद.

आता बंद बाटलीतली पुण्याची खास अडचण. समुद्रसपाटीला २२ अंशांवर पाण्यात सुमारे ८.७ मिग्रॅ/लिटर ऑक्सिजन विरघळतो. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब कमी, म्हणून इथे सुमारे ८.२ च मिळतो. डीओ मीटर (विरघळलेला ऑक्सिजन मोजणारं यंत्र) बिघडला असं समजून तो ८.७ ला ओढू नका. या अर्ध्या मिलिग्रॅमनं काय फरक पडतो ते फिनॉक्सिइथेनॉलवर पाहा. त्याच्या एका ग्रॅमला पूर्ण जळायला २.२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. ३ मिग्रॅ/लिटर घातलं तर ६.६ मिग्रॅ खर्च, ब्लँकला मुभा असलेले १.५ धरून ८.१. समुद्रसपाटीला ०.६ उरतात आणि किमान ०.५ ची अट कशीबशी पुरी होते, पुण्यात ०.१ उरतो आणि चाचणी बाद होते. २ मिग्रॅ/लिटर घ्या: ४.४ अधिक १.५, म्हणजे ५.९, आणि २.३ शिल्लक. बाटल्या काठोकाठ, बुडबुडा न ठेवता भरा, अंधारात २० ते २४ अंशांच्या पट्ट्यात ठरावीक एका तापमानाला, एका अंशाच्या फरकानं ठेवा. एप्रिल-मे महिन्यात इन्क्युबेटरची वीज गेली तर तापमान किती चढलं याची नोंद आपोआप व्हायला हवी. नाहीतर पाचव्या दिवशी नेमकं काय झालं ते कोणालाच सांगता येणार नाही.

पदार्थात नायट्रोजन असेल, तर अमोनियाचं नायट्रेट होतानाही ऑक्सिजन खर्च होतो. नायट्रेट आणि नायट्राइट मोजून तो खर्च वेगळा काढा, नाहीतर विघटनाची टक्केवारी फुगते.

चौथी पायरी: अर्धायुष्य

३०१ मध्ये नापास म्हणजे टिकाऊ सिद्ध झालं असं नाही. ती फक्त कडक चाळणी आहे. खरा निकाल ओईसीडी ३०९ (नदीचं पाणी), ३०८ (पाणी आणि तळगाळ) किंवा ३०७ (माती) देतात. ३०९ मध्ये मात्रा लिटरला मायक्रोग्रॅममध्ये असते, त्यामुळे जिवाणू मरण्याची भीतीही जवळजवळ संपते. प्रिझर्व्हेटिव्हसाठी आम्ही तीच आधी सुचवतो, पदार्थ गाळाला फार चिकटणारा नसेल तर.

निर्जंतुक केलेल्या पाण्याचा एक संच सोबत हवाच. त्यातही पदार्थ तितकाच कमी झाला, तर तो काचेला चिकटला, उडून गेला किंवा पाण्यात नुसता फुटला. जिवाणूंनी खाल्लेला नाही. नाहीसं होणं आणि विघटन होणं यात नवखे हमखास गल्लत करतात. कार्बन-१४ लावलेला पदार्थ वापरला तर ३०७ आणि ३०८ मध्ये एकूण हिशोब ९० ते ११० टक्के जुळायला हवा.

गणित असं: समजा ५ मायक्रोग्रॅम/लिटरचे २० दिवसांत ३ उरले, म्हणजे ६० टक्के. ०.६ चा नैसर्गिक लॉग उणे ०.५११, २० नं भागून वेगांक ०.०२५५ प्रतिदिन. ०.६९३ ला त्यानं भागलं की २७ दिवस. ४० च्या आत, म्हणून सुटलो असं वाटतं. पण ही चाचणी २० अंशांवर झाली आहे, आणि युरोपातल्या अहवालात पृष्ठजलासाठी १२ अंशांचा आकडा मागतात. सक्रियण ऊर्जा ६५.४ किलोजूल प्रति मोल धरली तर २० वरून १२ वर येताना २.१२ नं गुणावं लागतं. ५७ दिवस. म्हणजे टिकाऊ, अतिटिकाऊ मात्र नाही. मुळा-मुठेचं पाणी १२ अंशांपेक्षा कितीतरी उबदार असतं हे खरं. इथला आकडाही द्या, पण वेगळ्या ओळीत. आणि दोनच नमुन्यांवर अर्धायुष्य काढू नका. निदान पाच-सहा वेळांचे नमुने घ्या, आलेख सुरुवातीला वेगानं उतरून मग रेंगाळतो का ते पाहा. रेंगाळणारी शेपटीच खरी टिकते.

जनक रेणू कमी होत असताना काय तयार होतं ते मोजणं हा या पायरीचा गाभा आहे. ट्रायक्लोसानपासून जिवाणू मिथाइल ट्रायक्लोसान बनवतात. त्याला आयन होता येत नाही आणि तो जास्त चरबीप्रिय असतो. उन्हात ट्रायक्लोसानपासूनच २,८-डायक्लोरोडायबेन्झो-पॅरा-डायॉक्सिन तयार होऊ शकतं. पेंटाक्लोरोफिनॉल हे लाकडाचं जुनं प्रिझर्व्हेटिव्ह. तो रेणू एकटा स्टॉकहोम कराराचे सगळे निकष पुरे करत नव्हता. त्याच्यापासून होणारं पेंटाक्लोरोॲनिसोल हिशोबात घेतल्यावर ते पुरे झाले, आणि २०१५ मध्ये ते क्षार आणि एस्टरसह यादीत गेलं. तुमच्या क्रोमॅटोग्रामवर कोपऱ्यात वाढत जाणारं अनोळखी शिखर दिसलं, तर ते ओळखल्याशिवाय अहवालावर सही करू नका.

'उन्हात लवकर फुटतो' हा युक्तिवादही फार ताणू नका. गढूळ पाण्यात ऊन वरच्या थोड्या थरापुरतं पोहोचतं, आणि तळाच्या काळ्या, प्राणवायू नसलेल्या गाळात ट्रायक्लोसानसारखे क्लोरीनयुक्त पदार्थ चिवटपणे राहतात.

पाचवी पायरी: साठतो का?

पी सुटला असेल तर इथे थांबा. पीबीटी ठरायला तिन्ही अक्षरं लागतात, आणि मासे विनाकारण मारणं आम्हाला चुकीचं वाटतं. पी लागला असेल किंवा संशय कायम असेल, आणि लॉग केओडब्ल्यूची चाळणीही ओलांडली असेल, तरच ओईसीडी ३०५ कडे वळा. माशांना वाहत्या पाण्यात साधारण २८ दिवस पदार्थ द्यायचा, मग स्वच्छ पाण्यात ठेवून तो किती वेगानं बाहेर पडतो ते पाहायचं. मात्रा माशांच्या तीव्र एलसी५० (निम्मे मासे मारणारी मात्रा) च्या शंभराव्या भागाच्या आसपास किंवा कमी ठेवा, आणि पाण्यातलं मोजलेलं प्रमाण सरासरीच्या २० टक्के इकडेतिकडेच राहू द्या. उरलेलं खाद्य आणि विष्ठा रोज काढा; पदार्थ त्यांना चिकटतो, पाण्यातलं प्रमाण घसरतं आणि बीसीएफ खोटा येतो.

आलेला आकडा ५ टक्के चरबीच्या माशावर आणल्याशिवाय मर्यादेशी ताडू नका. बीसीएफ १,५०० आला आणि माशात चरबी ३.२ टक्के होती, तर १,५०० गुणिले ५ भागिले ३.२, म्हणजे २,३४४. मर्यादेच्या आत वाटलेला पदार्थ बाहेर जातो. मासे चाचणीदरम्यान वाढले तर प्रमाण नुसतं पातळ झाल्यानं कमी दिसतं, त्याचीही दुरुस्ती करा.

सहावी पायरी: विषारीपणा

शेवाळ (ओईसीडी २०१, ७२ तास), डॅफ्निया हा पाण्यातला बारीक कवचधारी जीव (२०२, ४८ तास) आणि मासे (२०३, ९६ तास) यांची तीव्र माहिती बहुतेकदा आधीच उपलब्ध असते. सगळ्यात कमी आकडा ०.०१ मिग्रॅ/लिटरच्या खाली असेल, तर टी लागलाच. ०.१ च्या खाली असेल तर संशय, मग दीर्घकालीन चाचणी: डॅफ्नियाची २१ दिवसांची २११, किंवा माशांच्या सुरुवातीच्या अवस्थांची २१०. प्रिझर्व्हेटिव्हच्या बाबतीत शेवाळाकडे आधी पाहा. ट्रायक्लोसान आणि आयसोथायाझोलिनोनना शेवाळ फार कमी मात्रेत बळी पडतं. मात्र शेवाळाच्या नियंत्रण फ्लास्कमध्ये ७२ तासांत वाढ किमान १६ पट झाली नसेल, तर निकाल वापरू नका, आणि गणना वाढीच्या दरावर करा. मात्रा नेहमी मोजलेली वापरा. तीन दिवसांत निम्मा पदार्थ नाहीसा झाला असेल तर बाटलीत घातलेला आकडा लिहिणं म्हणजे विष सौम्य दाखवणं.

निकाल लिहिताना

तीन अक्षरांची सरासरी काढायची नसते. टी कितीही भयंकर असला तरी पी नसेल तर पदार्थ पीबीटी नाही. त्याचा धोका वेगळ्या कलमाखाली मांडा. उलट, अतिटिकाऊ आणि अतिसाठणारा असेल, तर टी न लागताही तो तितक्याच गंभीर गटात जातो. लॉग केओडब्ल्यू कमी म्हणून निश्चिंतही होऊ नका: युरोपच्या २०२३ च्या बदलानंतर टिकाऊ, पाण्याबरोबर सहज वाहणारे आणि विषारी पदार्थ असा वेगळा वर्ग आला आहे. त्यात मातीला चिकटण्याचा लॉग केओसी ३ च्या खाली असलेले पदार्थ पाहतात, आणि बरेच लहान, पाण्यात विरघळणारे प्रिझर्व्हेटिव्ह नेमके तिथे सापडतात.

निर्यातीच्या अहवालासाठी चाचणी जीएलपी (उत्तम प्रयोगशाळा पद्धती) प्रमाणपत्र असलेल्या प्रयोगशाळेतच करून घ्या. भारत २०११ पासून ओईसीडीच्या परस्पर मान्यता व्यवस्थेत पूर्ण सहभागी आहे, त्यामुळे इथली जीएलपी माहिती तिकडे पुन्हा करावी लागत नाही. कॉलेजच्या किंवा स्वतःच्या प्रयोगशाळेतला २०९ आणि ३०१ चा सराव मात्र आधी जरूर करा. बाहेर नमुना पाठवताना मात्रा किती सांगायची हे त्यातूनच कळतं.

माहिती अपुरी असेल तर 'पीबीटी नाही' असं लिहू नका. 'पी: अनिर्णित, टॉक्सिसिटी कंट्रोल नापास, ०.५ मिग्रॅ/लिटरवर पुनर्चाचणी प्रस्तावित' असं लिहा. त्या ओळीखाली मात्रा सक्रिय घटकाची की मालाची, पीएच, तापमान, स्लज कुठून आणि कोणत्या तारखेला घेतला, हे सगळं नोंदवा, म्हणजे पुढचा माणूस नेमकी तिथूनच सुरुवात करेल.